आधी पॅनेल तपासा

आवाज पहिल्यांदा आला तो मंगळवारी सकाळी सव्वासातला. कानवाले एका पायात बूट घालून दुसरा बूट शोधत होते. दाराआड चपलांच्या कपाटावर भिंतीत एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात वरच्या भागात वीज कंपनीचं सील ठोकलेलं मीटर आणि खाली घराचा मेन स्विच नि सहा खटके. घरात त्या सगळ्या लटांबराला पॅनेल म्हणतात. तर त्या पॅनेलमधून आवाज आला. च्यर्र, च्यर्र, टक्. दाताखाली वाळूचा कण यावा तसा. आणि त्याच्या तळाशी एक बारीक, न थांबणारी गुणगुण.

दुसऱ्या कुणी बूट घातला असता आणि कामाला गेला असता. पण कानवाले हे नुसतं टोपणनाव नव्हतं, तो हुद्दा होता. गावातल्या मोठ्या इस्पितळात एकोणतीस वर्षं ते लोकांचे कान तपासत होते. पेशंटला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, बाहेरून बटणं दाबून बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बोट वर करा म्हणायचं. ड्रायव्हर, पहारेकरी, कारखान्यातले कामगार, सगळ्यांची नोकरी कानवाल्यांच्या सहीवर अडलेली. ऐकू येत नसताना नोकरीसाठी बोट वर करणारे आणि ऐकू येत असून भरपाईसाठी बोट मांडीवर दाबून ठेवणारे, अशा दोन्ही जातीचे लबाड ते खोलीत शिरतानाच ओळखायचे. अशा माणसाला सांगायचं की आवाज पॅनेलमध्ये नाही, तुमच्या कानात आहे. हे म्हणजे शिंप्याला तुझ्या डोळ्याला सुई दिसत नाही म्हणण्यासारखं. तरी लोकांनी सांगितलं. लोकांना काय, तोंड आहे आणि वेळही आहे.

सुरुवात घरातूनच झाली.

"अगं, जरा इकडे ये. ऐक."

बायको टपाल कार्यालयात काउंटरवर बसते. सकाळी तिचा एक हात इस्त्रीवर आणि एक कान गीझरकडे असतो. नवऱ्याने बोलावलं म्हणून तिने शहाण्या बाईसारखा आधी गीझर बंद केला, मग इस्त्रीची पिन काढली आणि हात पुसत आली. दोघं पॅनेलखाली उभे राहिले.

"काय ऐकू?"

"थांब. आत्ता येत होता."

"मला तुमचा श्वास ऐकू येतोय. नाक चोंदलंय तुमचं, वाफ घ्या."

कानवाल्यांनी वाफ घेतली नाही. बुधवारी सकाळी आवाज पुन्हा आला. बायको आली, आवाज गेला. दिवसा नाही, संध्याकाळी नाही, सकाळी सात ते पावणेआठ एवढाच. आणि माणूस ऐकायला आलं की चूप. कानवाल्यांनी त्याच दिवशी निदान करून टाकलं. हे पॅनेल दुसऱ्या जातीचं लबाड आहे, बोट मांडीवर दाबून ठेवणारं.

आता इमारतीत अशी बातमी लपत नाही. समोरच्या दारातले निवृत्त मॅनेजर आले. हे गृहस्थ पस्तीस वर्षं बँकेत खुर्चीत बसून होते, त्यामुळे विजेचं त्यांना सगळं माहीत. "पाल असणार आत," ते म्हणाले. "पाल तारेवर बसली की असाच आवाज करते. माझ्या साडूकडे झालं होतं. पुढे फ्रीज गेला." वरच्या काकू म्हणाल्या, मुंग्या. काळ्या नव्हे, लाल, त्यांना तांब्याची आवड असते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी कपाळाला आठ्या घालून सांगितलं की नवीन मीटर असेच बोलतात, आतून कंपनीला निरोप पाठवतात, कुठला पंखा कधी लावला ते सगळं तिकडे कळतं. रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरवर एकाने संशय घेतला, पाण्याच्या पाइपवर दुसऱ्याने. सल्ला द्यायला ना लायसन लागतं ना पक्कड, म्हणून कुठल्याही देशात तो सारखाच स्वस्त असतो. यातल्या एकाचाही हात पेटीचं झाकण उघडायला पुढे झाला नाही. सगळ्यांनी हात मागे बांधून, मान तिरकी करून पाहिलं, प्रदर्शनात मांडलेलं चित्र पाहतात तसं.

बुधवारी दुपारी वायरमन आला. लायसनवाला, कानाला पेन्सिल लावलेला, कमी बोलणारा. त्याने आधी मेन स्विच खाली पाडला. सहाही खटक्यांचे स्क्रू आवळले, तारा हलवून पाहिल्या, हाताने धूळ उडवली. मग मेन वर केला.

"आता येतोय आवाज?"

"थांबा," कानवाले म्हणाले आणि पंखा बंद केला, फ्रीज बंद केला, शेजारच्या खोलीतल्या घड्याळातला सेलसुद्धा काढून आणला. इस्पितळातला पहिला नियम होता तो. तपासणी करायची तर खोली शांत हवी. टाचणी पडली तरी तपासणी रद्द. "आता ऐका."

वायरमनने ऐकलं. "काही नाही."

"सकाळी येतो."

"साहेब, खालचं माझ्याकडचं सगळं ठीक आहे, तसं लिहून देतो. वर मीटरला सील आहे. तिथं मी हात लावला तर उद्यापासून मी वायरमन नाही. कंपनीला बोलवा." एवढं बोलून तो गेला. कानवाल्यांना त्या आठवड्यात भेटलेला हा एकमेव माणूस, ज्याने माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हटलं. बाकीच्यांना ते जमलं नाही.

गुरुवारी कानवाल्यांनी ठरवलं, आता शास्त्राने जायचं. इस्पितळातून सुट्टी टाकली. मॅनेजर, काकू आणि सेक्रेटरी, तिघांना सकाळी साडेसातला बोलावलं आणि पॅनेलसमोर खुर्च्या मांडून ओळीने बसवलं. गीझर बंद, इस्त्री बंद, धुण्याचं मशीन बंद, पंखे, फ्रीज, दिवा बंद. बायकोला गार पाण्याने अंघोळ करायला लावली. ती काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"डोळे मिटा," कानवाले म्हणाले. "आवाज आला की बोट वर. बोलायचं नाही, खोकायचं नाही, एकमेकांकडे बघायचं नाही."

तीन प्रौढ माणसं डोळे मिटून अंधारात दाराआड बसली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. पॅनेल दगडासारखं गप्प. अकराव्या मिनिटाला मॅनेजरांचं बोट वर गेलं.

"आला?" कानवाले पुढे वाकले.

"माझं पोट होतं वाटतं. नाश्ता राहिलाय."

काकूंनीही मग बोट वर केलं, पण ते निव्वळ भिडेपोटी. कानवाल्यांनी विचारलं, कसा होता आवाज? काकू म्हणाल्या, "तुम्ही एवढ्या खुर्च्या मांडल्या, मला बरं दिसेना." सेक्रेटरींचं बोट शेवटपर्यंत वर गेलं नाही. ते उठले, खुर्ची नीट जागेवर ठेवली आणि हळुवार आवाजात म्हणाले, "कानवाले, एक सांगू? राग मानू नका. माणसाचं वय होतं. कानात आपोआप शिट्टी वाजते. माझ्या सासऱ्यांना रेल्वे ऐकू यायची. घराजवळ रूळ नव्हते."

"पॅनेल बिघडलंय," कानवाले म्हणाले.

"असेल, असेल," सेक्रेटरी म्हणाले. 'असेल, असेल' हे दोन शब्द जगात सर्वांत अपमानकारक आहेत. शिवी परवडते, तिला उत्तर तरी देता येतं.

हे सेक्रेटरी इस्पितळातच खरेदी विभागात होते. गुरुवारी दुपारी इस्पितळाच्या कँटीनमध्ये त्यांनी ही हकिकत तिखटमीठ लावून सांगितली आणि शुक्रवारी सकाळी कानवाल्यांना मोठ्या डॉक्टरांचं बोलावणं आलं.

मोठे डॉक्टर सभ्य माणूस. त्यांनी दार लावून घेतलं, बसा म्हटलं. "तुमच्या कानांबद्दल काहीतरी कानावर आलंय. खरं-खोटं मला माहीत नाही. पण तुमच्या सहीवर लोक गाड्या चालवतात. तेव्हा सोमवारी आपल्याच खोलीत बसून तपासून घ्या. तुमची ज्युनिअर तपासेल. रिपोर्ट माझ्या फाइलला लागला की झालं. तोवर रिपोर्टांवर सही करू नका."

कानवाल्यांच्या टेबलावर त्या दिवशी सतरा रिपोर्ट सहीला होते. सतरा माणसं कुठेकुठे नोकरीसाठी खोळंबलेली. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"डॉक्टर, माझे कान ठीक आहेत. पॅनेल बिघडलंय. आधी पॅनेल तपासा, मग माझे कान."

"पॅनेल माझ्या खात्यात येत नाही."

"मग कानांची तक्रार कुठल्या खात्यातून आली? खरेदीच्या?"

डॉक्टर हसले नाहीत. "सोमवारपर्यंत वेळ आहे," ते म्हणाले. "सोमवारी एकतर तुम्ही खोलीच्या आत बसाल, नाहीतर बाहेर दुसरं कुणी बसेल."

खरं सांगायचं तर आत बसून वीस मिनिटांत मोकळं होता आलं असतं. दुपारी जेवायला घरी आलेली बायकोही तेच म्हणाली. "कान चांगले आहेत ना तुमचे? मग घाबरता कशाला? बसा आणि या."

"घाबरत नाही. एक वाह्यात माणूस कँटीनमध्ये काहीतरी बोलतो आणि त्याच्यावरून मी बोट वर करायचं? उद्या तो म्हणाला हे चोर आहेत, तर खिसे उलटे करून दाखवू?"

बायकोने पोळी वाढली. मग म्हणाली, "हे मात्र बरोबर आहे. पण उद्या मी गार पाण्याने अंघोळ करणार नाही."

त्याच दुपारी कानवाले वीज कंपनीच्या कार्यालयात गेले. तक्रारीच्या खिडकीत एक बाई संगणकापुढे बसल्या होत्या.

"तक्रार काय?"

"मीटरमधून आवाज येतो."

बाईंनी पडद्यावर वर-खाली पाहिलं. "काका, आवाज यात नाहीये. वीज नाही, दाब कमी, तार तुटली, मीटर जळालं, बिल. यातलं सांगा."

"यातलं काहीच नाही. वीज आहे, दाब आहे, तार धड आहे, मीटर अजून जळालं नाही."

"मग मीटर जळालं की या."

"आणि घर जळालं की कुठे येऊ? ती खिडकी कुठली?"

"चिडू नका हो. मी 'इतर'मध्ये टाकते. पण 'इतर'ला आमच्याकडे माणूस नाही."

कानवाले चिडले नव्हते, पेटले होते. पण त्यांनी आवाज चढवला नाही. एकोणतीस वर्षं रोज कागदावर सही करणाऱ्याला एक गोष्ट कळते. तोंडाने नाही म्हणायला कुणालाच काही वाटत नाही, तेच लिहून मागितलं की माणसाला घाम फुटतो. त्यांनी तिथेच उभ्याने अर्ज लिहिला. आवाज किती वाजता येतो, कसा येतो, गुणगुण कुठल्या पट्टीत, चरचर कुठल्या पट्टीत, किती सेकंदांनी टक् वाजतं, सगळं. वायरमनने लिहून दिलेला कागद जोडला. शेवटी एक ओळ घातली: 'कार्यालयाने तपासणीस नकार दिला.' आणि खिडकीतून आत सरकवला. "शिक्का मारा, मी जातो."

बाईंनी वाचलं. "नकार कुठे दिला आम्ही?"

"मग येणार?"

"तसं नाही म्हटलं मी."

"मग नकार. शिक्का मारा."

शिक्का बाईंच्या हातापाशी होता. त्यांनी तो उचलला, ठेवला, आणि आतल्या खोलीत गेल्या. आत दोन माणसांची कुजबुज झाली. ती कानवाल्यांना शब्द न शब्द ऐकू आली, कारण त्यांचे कान ठणठणीत होते. बाई परत आल्या. "इंजिनीअर साहेब उद्या सकाळी साडेसातला येतील. ती ओळ खोडा."

"उद्या आले की खोडतो," कानवाले म्हणाले आणि अर्ज परत घेऊन खिशात घातला.

शनिवारी सव्वासातला च्यर्र, टक् व्यवस्थित चालू होतं. साडेसातला इंजिनीअर आले. तरुण, घाईत, गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म. कानवाल्यांनी त्यांना पॅनेलपाशी उभं केलं आणि धावत जाऊन सगळं घर बंद केलं. गीझर, इस्त्री, मशीन, पंखे, फ्रीज. बायको न्हाणीघराच्या दारात टॉवेल घेऊन उभी होती, तिच्याकडे त्यांनी हात जोडून पाहिलं. फक्त दोन मिनिटं.

इंजिनीअरांनी दोन मिनिटं ऐकलं. पेटीवर टकटक केलं. टेस्टर लावला, तो लागायला हवा तिथे लागला.

"शांत आहे, काका."

"पाच मिनिटं थांबा."

पाच मिनिटं थांबले. इंजिनीअरांनी फॉर्म भरला. कानवाल्यांनी चष्मा चढवून वाचला. 'आवाज आढळला नाही. ग्राहकाचा भ्रम असावा.' खाली लिहिलेलं, 'तक्रारीचे निवारण झाले', आणि ग्राहकाच्या सहीसाठी एक ओळ.

"ही सही मी करणार नाही."

"काका, नुसती सही आहे."

"माझा जन्म नुसत्या सह्या करण्यात गेला. भ्रम कुणाचा म्हणालात?"

"बरं, भ्रम खोडतो. गैरसमज लिहू?"

"आवाज लिहा."

"आलाच नाही तर कसा लिहू? सहीशिवाय मला पुढच्या तक्रारीला जाता येत नाही. आज अजून नऊ घरं आहेत."

"मग बसा," कानवाले म्हणाले आणि खुर्ची दिली. स्वतः समोर दुसऱ्या खुर्चीत बसले. हातावर हात, ओठ मिटलेले. सोमवार त्यांच्या डोळ्यांपुढे होता. काचेच्या आत आपण, बाहेर आपली ज्युनिअर, आणि सेक्रेटरी पॅसेजमधून सहज चालल्यासारखे दाखवत डोकावताहेत. या कागदावर सही केली की ते सगळं आपण होऊन मान्य केल्यासारखं होतं. इंजिनीअर फोनवर कुणाला तरी सांगत होते, "अडकलोय. नाही, लाइन नाही, ग्राहक."

आठ वाजायला आले. न्हाणीघराच्या दारातून आवाज आला. पॅनेलचा नव्हे, बायकोचा.

"झालं का?"

"अगं, तपासणी चालू आहे."

"चार दिवस तपासणीच चालू आहे. चार दिवस मी काउंटरवर चुरगळलेल्या कपड्यात बसतेय. लोक तिकीट घेण्याआधी माझ्या बाह्या बघतात. साहेबांनी बसावं, तुम्ही बसावं, मला कामावर जायचंय." आणि तिने गीझर लावला. इस्त्री लावली. धुण्याच्या मशीनचं बटण दाबलं. जाता जाता पंखाही.

"बंद कर," कानवाले उठले. "साहेबांना ऐकू कसं येणार?"

"नाही करत."

कानवाले खटक्याकडे हात नेणार, तोच पॅनेल बोललं. च्यर्र. च्यर्र, च्यर्र. टक्. पंखा फिरतोय, मशीन घरघरतंय, आणि त्या सगळ्यावर स्वच्छ.

इंजिनीअरांचा फोन हातातच राहिला. ते उठले, मीटरच्या झाकणाला हाताची मागची बाजू लावली आणि झटकन काढली. "तापलंय." त्यांचा आवाज आता वेगळाच होता. "वहिनी, सगळं बंद करा. लगेच."

सील तोडलं. मेन पाडला, खांबावरून येणारी लाइनही खालून बंद करून आले, मग झाकण काढलं. आत एका जाड तारेचं टोक काळं पडलं होतं, वरचं प्लॅस्टिक वितळून खाली ओघळलेलं. स्क्रूला पेचकस लावला, तो सहज फिरला.

"ढिला होता," इंजिनीअर म्हणाले. "मीटर बसवताना आवळलाच नाही कुणी. भार पडला की तार थरथरते, ठिणगी उडते. सगळं एकदम चालू असेल तेव्हाच." ते थांबले आणि कानवाल्यांकडे वळले. "काका, तुम्ही सगळं बंद करून मला ऐकवत होता?"

बायकोने टॉवेल तोंडावर धरला. ती हसत होती की काय ते टॉवेलला माहीत.

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. कानवाल्यांचा चेहरा लाल झाला, तेवढंच. चार दिवस त्यांनी त्या बिचाऱ्या पॅनेलला लबाड म्हटलं होतं. आणि दरवेळी साक्षीदार आला की त्याचं तोंड त्यांनी स्वतःच दाबून धरलं होतं.

"आवाज होता की नव्हता?" त्यांनी विचारलं.

"होता."

"मग तेवढं लिहा."

इंजिनीअरांनी तार कापून नवी जोडली, स्क्रू आवळला, नवं सील ठोकलं आणि फॉर्म भरला. कानवाल्यांनी पुन्हा चष्मा चढवला. 'बिघाडाचे कारण: ग्राहकाने जास्त भार टाकला.'

"ही पण सही मी करणार नाही."

इंजिनीअरांनी खुर्चीकडे पाहिलं. तीच खुर्ची, पुन्हा. घड्याळाकडे पाहिलं. मग ती ओळ खोडली आणि लिहिलं: 'मीटरच्या जोडणीचा स्क्रू बसवतेवेळी आवळलेला नव्हता. आवाज स्पष्ट ऐकू येतो. ग्राहकाचे म्हणणे पहिल्यापासून बरोबर.' खाली सही, शिक्का, तारीख. कानवाल्यांनी सही केली, एक प्रत मागून घेतली आणि आपल्या अर्जातली नकाराची ओळ खोडली. दिलेला शब्द ते पाळत.

दार उघडं होतं. गडबड ऐकून सेक्रेटरी खाली आले होते. जळका तुकडा त्यांनी हातात घेऊन पाहिला. "बघा," ते मॅनेजरांना म्हणाले, "मी म्हणत होतो ना, नवीन मीटर."

कानवाल्यांनी त्यांच्या हातातून तुकडा काढून घेतला. काही माणसांवर शब्द खर्च करायचे नसतात.

सोमवारी नऊला ते डॉक्टरांच्या खोलीत उभे होते. टेबलावर वीज कंपनीचा फॉर्म ठेवला. डॉक्टरांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मीटर क्रमांकासकट.

"अभिनंदन. घर वाचलं. पण फाइलला कानाचा कागद लागतो. हा विजेचा आहे."

"कानाचाच आहे. इमारतीत पाच जणांना जे ऐकू आलं नाही ते मला आलं, आणि कंपनीच्या माणसाने शिक्का मारून ते लिहून दिलंय. आपल्या मशीनवर यापेक्षा चांगली तपासणी होत असेल तर दाखवा."

डॉक्टर मागे रेलले. "एक विचारू? खरेदीवाले सांगत होते, तुम्ही सगळं घर बंद करून लोकांना ऐकायला बसवलं होतं. म्हणून कुणालाच ऐकू आलं नाही. खरं आहे?"

"खरं आहे."

"मग चूक तुमचीच की."

"तपासायची रीत चुकली. ती माझी," कानवाले म्हणाले. "कान चुकले नाहीत. या दोन गोष्टी आहेत, डॉक्टर, त्या एका कागदावर घालू नका. आणि त्या खोलीत मी बसणार नाही. आज नाही, कँटीनमधल्या बोलण्यावरून तर कधीच नाही. वर्षाची नेहमीची तपासणी सगळ्यांची लावा, रांगेत पहिला मी असेन. दुसरे तुम्ही."

डॉक्टरांनी फॉर्म जवळ ओढला. मग पेन उघडलं, कोपऱ्यात 'दाखल करावे' असं लिहिलं आणि खाली आपली आद्याक्षरं मारली. कानवाल्यांच्या फाइलमध्ये, जिथे बाकीच्यांच्या कानांचे वेडेवाकडे आलेख लावलेले असतात, तिथे आज एका मीटरचा फॉर्म आहे.

कानवाले आपल्या टेबलाशी गेले. शुक्रवारचा गठ्ठा तसाच होता. ज्युनिअर बाजूला सरकली. ते बसले, पहिला रिपोर्ट ओढला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि सही केली. मग दुसरा. सतराही होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.